घानाचे राष्ट्रप्रमुख किती, आणि खुर्ची कोणाची कशी सुटली

प्रश्न असा आहे: घाना १९५७ साली स्वतंत्र झाला, तेव्हापासून तिथे राष्ट्रप्रमुख किती झाले? एका यादीत एन्क्रुमा १९५७ पासून दाखवलेत, दुसरीत १९६० पासून. बुसियांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. रॉलिंग्ज एकदा धरायचे की अनेकदा? आणि इतके लष्करी उठाव झालेल्या देशात ते थांबले कसे?

आफ्रिकेचं राजकारण शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यातला बराच काळ घानात जाऊन-येऊन निवडणुका पाहण्यात गेला. हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात, कारण याद्या खरोखरच एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा आधी यादीचा गुंता सोडवू.

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ही वसाहत 'घाना' या नावाने स्वतंत्र झाली, पण प्रजासत्ताक झाली नाही. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात जी व्यवस्था होती तीच तिथे होती. राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणी, तिच्या वतीने गव्हर्नर-जनरल आणि कारभार पंतप्रधानांच्या हाती. राणी म्हणजे एलिझाबेथ दुसऱ्या. पहिले गव्हर्नर-जनरल चार्ल्स आर्डन-क्लार्क. एन्क्रुमा तुरुंगात असताना १९५१ ची निवडणूक जिंकले, तेव्हा त्यांना सोडून सरकार बनवायला बोलावणारे गव्हर्नर हेच. त्यांच्यानंतर लॉर्ड लिस्टोवेल आले. १ जुलै १९६० ला प्रजासत्ताक झालं आणि क्वामे एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे १९५७ पासून ते सरकारप्रमुख होते आणि १९६० पासून राष्ट्रप्रमुख. दोन्ही तारखा बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

बुसियांचंही असंच. १९६९ च्या राज्यघटनेने सत्ता पंतप्रधानाकडे दिली आणि राष्ट्राध्यक्षपद आपल्या राष्ट्रपतींसारखं ठेवलं. कोफी बुसिया पंतप्रधान होते, राष्ट्राध्यक्ष होते एडवर्ड अकुफो-अडो. बुसियांचं नाव राष्ट्रप्रमुखांच्या यादीत दिसलं तर ती चूकच समजा. त्याच काळातलं एक नाव मात्र बहुतेक याद्या विसरतात. ऑगस्ट १९७० मध्ये राष्ट्राध्यक्षाचं काम पाहणारा लष्कर-पोलीस अधिकाऱ्यांचा आयोग बरखास्त झाला आणि अकुफो-अडो पदावर यायला अवकाश होता. मधले तीनेक आठवडे संसदेचे सभापती नी अमा ओलेनू हंगामी राष्ट्राध्यक्ष होते.

आता क्रम लावू. एन्क्रुमा (१९६०-६६), जोसेफ अंक्रा (१९६६-६९), अक्वासी अफ्रिफा (१९६९-७०), हंगामी ओलेनू (१९७०), एडवर्ड अकुफो-अडो (१९७०-७२), इग्नेशियस अचेम्पाँग (१९७२-७८), फ्रेड अकुफो (१९७८-७९), जेरी रॉलिंग्ज (१९७९), हिला लिमान (१९७९-८१), पुन्हा रॉलिंग्ज (१९८१-२००१), जॉन कुफोर (२००१-०९), जॉन अटा मिल्स (२००९-१२), जॉन महामा (२०१२-१७), नाना अकुफो-अडो (२०१७-२५) आणि २०२५ पासून पुन्हा महामा. राणीला वगळून माणसं मोजली तर तेरा, ओलेनूंना सोडलं तर बारा. रॉलिंग्ज एकच व्यक्ती, पण खुर्चीवर ते तीन वाटांनी आले: १९७९ मध्ये उठावाने, १९८१ च्या अखेरीस पुन्हा उठावाने आणि १९९३ पासून निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून. नावातही फसायला होतं. वडील-मुलाची जोडी आहे ती एडवर्ड आणि नाना अकुफो-अडो यांची. मधले फ्रेड अकुफो हे वेगळे गृहस्थ, लेफ्टनंट जनरल.

परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण या यादीला मी वर्गात एक रकाना वाढवून घ्यायला लावतो: 'खुर्ची कशी सोडली?' तो भरायला लागलं की घानाचा इतिहास कळायला लागतो, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

एन्क्रुमांपासून सुरू करू. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सहाराच्या दक्षिणेला ब्रिटिशांच्या हातून सुटलेली पहिली वसाहत ही त्यांच्या नेतृत्वाखाली सुटली. व्होल्टा नदीवरचं अकोसोंबो धरण, टेमाचं बंदर, शाळा, दवाखाने हे त्यांचं काम आजही उभं आहे. नेहरूंशी त्यांचं सख्य होतं आणि अलिप्ततावादी चळवळीच्या पायाभरणीत दोघंही होते. घानाचं हवाई दल उभं करायला आपल्या हवाई दलाचे अधिकारी गेले होते आणि त्या दलाचे पहिले प्रमुख जसवंत सिंग हे भारतीयच. पण हेच एन्क्रुमा १९५८ साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आणतात, विनाचौकशी विरोधकांना आत टाकतात आणि १९६४ मध्ये सार्वमत घेऊन एकाच पक्षाचं राज्य जाहीर करतात. स्वातंत्र्यलढ्यातले त्यांचे ज्येष्ठ सहकारी जे. बी. डांक्वा हे १९६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीतले त्यांचे प्रतिस्पर्धी. ते फेब्रुवारी १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगात कैदेतच वारले. त्यात कोकोचे भाव जगाच्या बाजारात कोसळले. देशाची कमाई कोकोवर, त्यामुळे दुकानांत साधा माल मिळेना. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा व्हिएतनामचा प्रश्न सोडवण्यासाठी हनोईच्या वाटेवर असताना लष्कर आणि पोलिसांनी सत्ता घेतली. राजधानी आक्राच्या रस्त्यांवर लोक नाचले. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. ज्या देशात मतपेटीतून सरकार बदलण्याची वाटच बंद केली, तिथे बंदुकीचं स्वागत झालं. एन्क्रुमा गिनीला गेले, तिथल्या सेकू तुरे यांनी त्यांना सहराष्ट्राध्यक्षाचा मान दिला. १९७२ मध्ये बुखारेस्टला ते वारले. मायदेशी परतले ते शवपेटीतून.

पुढच्या तेरा वर्षांत रकाना भराभर भरतो. अंक्रा यांना परकीय कंपन्यांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९६९ मध्ये जावं लागलं. अफ्रिफा त्यांच्या जागी आले, तेव्हा वय बत्तीस. त्यांनी सत्ता मुलकी सरकारला दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. बुसियांच्या सरकारने १९६९ च्या अखेरीस परवाने नसलेल्या परदेशी लोकांना, त्यातही मुख्यतः नायजेरियनांना, देशाबाहेर काढलं आणि १९७१ च्या डिसेंबरात सेडी या चलनाचं जबर अवमूल्यन केलं. काही आठवड्यांतच, १३ जानेवारी १९७२ ला, ते लंडनला उपचारांसाठी गेलेले असताना कर्नल अचेम्पाँग यांनी उठाव केला. दोनही वेळा मुलकी नेता परदेशात असतानाच खुर्ची गेली.

अचेम्पाँग यांची सुरुवात लोकांना आवडली. 'येंतुआ', म्हणजे 'फेडणार नाही', असं म्हणत त्यांनी आधीच्या सरकारांची काही परकीय कर्जं झुगारली. 'स्वतःचं अन्न स्वतः पिकवा' ही मोहीम काढली. १९७४ मध्ये अख्ख्या देशाची वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला नेली. मग आयात परवाने मर्जीतल्या लोकांना वाटले जाऊ लागले, माल दडू लागला आणि घानाच्या बोलीत एक शब्द पक्का बसला: 'कलाबुले', काळ्या बाजारातली लूट. पक्षांशिवाय, लष्कर-पोलिसांसह एकत्र सरकार असावं यासाठी त्यांनी मार्च १९७८ मध्ये सार्वमत घेतलं. मतं केंद्रावरच मोजावीत असा आग्रह निवडणूक आयुक्तांनी धरला, तर त्यांनाच जीव वाचवायला लपून बसावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. चार महिन्यांत अचेम्पाँग यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना उतरवलं आणि फ्रेड अकुफो आले.

आणि मग टेशी. आक्राच्या पूर्वेला, समुद्राकाठी, लष्कराचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान आहे. ४ जून १९७९ रोजी कनिष्ठ सैनिकांनी बंड केलं आणि फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज यांना कोठडीतून सोडवून नेता केलं. मे महिन्यातल्या फसलेल्या बंडाबद्दल त्यांच्यावर खटला चालू होता. त्यांची बत्तिशीही अजून पुरी व्हायची होती. १६ जूनला टेशीच्या मैदानात अचेम्पाँग आणि आणखी एका जनरलला गोळ्या घातल्या. २६ जूनला आणखी सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांना, त्यात अफ्रिफा आणि अकुफो. दहा दिवसांत देशाचे तीन माजी राष्ट्रप्रमुख एकाच वाळूत संपले. खटले बंद दाराआड, धड बचावाची संधी नाही. रस्त्यावरचे विद्यार्थी तेव्हा आणखी रक्त मागत होते. ऑगस्टमध्ये आक्राचा मुख्य मकोला बाजार सैनिकांनी जमीनदोस्त केला, कारण भाववाढीचं खापर तिथल्या व्यापारी बायकांवर फोडलं गेलं. ज्यांच्या हाती आयात परवाने होते ते दूर राहिले, टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांची दुकानं गेली. घानाबद्दल बोलताना अनेक जण रॉलिंग्जच्या तडफेवर भाळतात. मी मकोलाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

रॉलिंग्ज यांनी ठरल्याप्रमाणे निवडणूक होऊ दिली आणि २४ सप्टेंबर १९७९ ला सत्ता हिला लिमान यांच्याकडे सोपवली. लिमान उत्तरेकडचे, परराष्ट्र सेवेतले, सरळ माणूस. त्यांनी विरोधकांना एन्क्रुमांसारखं विनाचौकशी कोंडलं नाही. ३१ डिसेंबर १९८१ ला त्याच रॉलिंग्ज यांनी त्यांना हटवलं. या यादीत सर्वात कमी न्याय मिळालेला माणूस मला लिमान वाटतात. ते पुढे आक्रातच साधेपणाने राहिले आणि १९९८ मध्ये वारले.

रॉलिंग्ज यांची दुसरी राजवट अकरा वर्षांची. १९८२ च्या जूनमध्ये तीन न्यायाधीशांना आणि एका निवृत्त मेजरला रात्री घरातून उचलून नेऊन ठार मारलं. त्या न्यायाधीशांत एक बाई होत्या, घरी तान्हं मूल होतं. १९८३ मध्ये दुष्काळ आणि वणवे आले, आणि त्याच वर्षाच्या आरंभी नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांना हाकलून दिलं. ते ज्या चौकडीच्या प्लास्टिक पिशव्यांत संसार भरून परतले, तिला पश्चिम आफ्रिकेत 'घाना मस्ट गो' असंच नाव पडलं. आपल्याकडे एसटीच्या टपावर, रेल्वेच्या फलाटावर निळ्या-लाल चौकटींची जी मोठी पिशवी दिसते, तीच ही. त्या वर्षी माणसं इतकी खंगली की गळ्याखालची वर आलेली हाडं लोक 'रॉलिंग्ज चेन' म्हणून दाखवत. डाव्या घोषणा देणाऱ्या त्याच सरकारने मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम पत्करला आणि अर्थव्यवस्था हळूहळू सावरली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. १९९२ मध्ये सार्वमताने नवी घटना आली आणि ७ जानेवारी १९९३ ला चौथं प्रजासत्ताक सुरू झालं. तेव्हापासून एकही उठाव यशस्वी झालेला नाही. शेजारच्या बुर्किना फासोत २०२२ या एका वर्षात दोन झाले; माली, गिनी, नायजर यांचीही तीच गत. घानात काय वेगळं झालं?

माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्यातली पहिली गिळायला कडू आहे. घटनेच्या संक्रमणकालीन तरतुदींत चौतिसावं कलम आहे. त्यानुसार मागच्या उठावांतल्या कृत्यांसाठी कोणालाही न्यायालयात खेचता येत नाही. टेशीत मारलेल्यांच्या, छळ झालेल्यांच्या कुटुंबांना यामुळे न्याय मिळाला नाही. पण खुर्ची सोडली तर फासावर जावं लागेल ही भीती गेली, म्हणून ती सुटली. मी या कलमाचं कौतुक करू शकत नाही, आणि ते नसतं तर २००१ ची सत्तापालट झाली असती असंही म्हणू शकत नाही. कुफोर यांनी पुढे राष्ट्रीय सलोखा आयोग नेमून निदान पीडितांना जाहीरपणे बोलायला जागा करून दिली.

दुसरी गोष्ट दोन कार्यकाळांची मर्यादा. रॉलिंग्ज यांनी ती २००० साली पाळली. लष्करी गणवेशातून आलेला, अजूनही लोकप्रिय असलेला माणूस घटना न बदलता घरी गेला. त्यांचे उमेदवार मिल्स हरले आणि कुफोर जिंकले, तेही रॉलिंग्ज यांनी मान्य केलं. मकोला आणि टेशी यांच्यासोबत ही नोंदही त्यांच्याच खात्यावर करायला हवी.

तिसरी गोष्ट मतमोजणी, आणि इथे मी थोडं थांबणार आहे. १९९२ च्या निवडणुकीवर विरोधकांचा इतका अविश्वास होता की त्यांनी पाठोपाठच्या संसदीय निवडणुकीवर बहिष्कार घातला. त्यानंतर क्वाद्वो अफारी-ग्यान यांच्या निवडणूक आयोगाने पक्षांना नियमित चर्चेला बसवलं, मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली आणि पारदर्शक मतपेट्या आणल्या. मतं मोजायची ती मतदान केंद्रावरच, सगळ्यांदेखत. १९७८ मध्ये जे मागितलं म्हणून आयुक्ताला लपावं लागलं होतं, तेच आता नियम झालं.

७ डिसेंबर २००८ ची संध्याकाळ. आक्रातल्या एका शाळेचं अंगण, आंब्याच्या झाडाखाली एक टेबल. पाचला मतदान संपलं आणि केंद्राध्यक्षांनी पेटी सर्वांसमोर उलटी केली. शाईच्या अंगठ्याचे ठसे असलेल्या मतपत्रिका. अंधार पडला तसे कोणी विजेरी धरली, कोणी मोबाइलचा उजेड. केंद्राध्यक्ष एकेक पत्रिका डोक्यावर उंच धरून चहूकडे फिरवत, उमेदवाराचं नाव घेत, आणि दोरीपलीकडे उभी गर्दी एका सुरात आकडा म्हणत होती, शाळेतल्या पाढ्यांसारखी. एका पत्रिकेवरचा ठसा दोन चौकटींच्या मधोमध पडला होता. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी वाकून वाकून पाहत राहिले, शेवटी ती बाद ठरली, आणि ज्याचं मत बुडालं त्याच्या प्रतिनिधीनेही मान हलवली. आकडे एका गुलाबी कागदावर भरले, सर्वांच्या सह्या झाल्या, प्रत्येक पक्षाला प्रत मिळाली. या कागदाला तिथे 'पिंक शीट' म्हणतात आणि तो शब्द भाजीवालीलाही ठाऊक असतो.

त्या निवडणुकीची दुसरी फेरी २८ डिसेंबरला झाली आणि निकाल टाइन नावाच्या एका ग्रामीण मतदारसंघावर अडकला. तिथे २ जानेवारीला मतदान झालं. मिल्स जिंकले ते अवघ्या ४०,५८६ मतांनी, नव्वद लाख मतांमधून. हरलेल्यांकडे सरकार होतं, लष्कर होतं. तरी ७ जानेवारीला कुफोर बाजूला झाले.

पुढची परीक्षा याहून कठीण होती. २४ जुलै २०१२ ला मिल्स पदावर असतानाच वारले आणि काही तासांत संसदेत उपराष्ट्राध्यक्ष महामा यांचा शपथविधी झाला. डिसेंबरात महामा ५०.७ टक्के मतांनी निवडून आले. नाना अकुफो-अडो यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, दहा हजारांहून अधिक केंद्रांच्या पिंक शीटवर बोट ठेवलं. सुनावणी टीव्हीवर थेट दाखवली जात होती. टॅक्सीत, सलूनमध्ये, बाजारात लोक ती क्रिकेटच्या सामन्यासारखी ऐकत. २९ ऑगस्ट २०१३ ला निकाल विरुद्ध गेला. अकुफो-अडो म्हणाले, मला निर्णय पटलेला नाही पण मी तो स्वीकारतो. पुढच्या निवडणुकीत, २०१६ मध्ये, तेच जिंकले.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. २०२० च्या निवडणुकीत माणसं मेली. जानेवारी २०२१ मध्ये सभापती निवडताना संसदेत मतपत्रिका हिसकावल्या गेल्या आणि सभागृहात सैनिक शिरले. २०२२ च्या अखेरीस महागाई ५४ टक्क्यांवर गेली आणि सरकारने बहुतेक परकीय कर्जांचे हप्ते थांबवले. बेकायदा सोन्याच्या खाणींनी, ज्याला तिथे 'गॅलमसे' म्हणतात, नद्या गढूळ करून टाकल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये लोकांनी याचा हिशेब मागितला. अकुफो-अडो यांचे दोन कार्यकाळ संपले होते आणि सत्तारूढ पक्षाचे उमेदवार बावुमिया यांनी अधिकृत निकालाची वाटही न पाहता दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. महामा सुमारे साडेछपन्न टक्के मतांनी परत आले.

खुर्चीबद्दल बोललो, तर ती जिथे आहे त्या घराबद्दलही सांगतो, कारण त्यात मुंबई आहे. घानाचं सरकार दीर्घकाळ ओसूच्या किल्ल्यातून चालत असे. समुद्राकाठचा हा पांढरा किल्ला डेन्मार्कच्या लोकांनी बांधलेला, गुलामांच्या व्यापाराचा. कुफोर यांना ते पटत नव्हतं. भारताने दिलेल्या कर्जातून नवं अध्यक्षीय निवासस्थान उभं राहिलं, बांधलं मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने, आकार घानातल्या अकान समाजाच्या राजांच्या लाकडी आसनाचा. मिल्स मात्र तिथे राहायला गेले नाहीत, किल्ल्यातूनच काम करत राहिले. पुढे महामांनी तिथून कारभार सुरू केला. एक पक्ष त्याला जुन्या नावाने फ्लॅगस्टाफ हाऊस म्हणत आला, दुसरा ज्युबिली हाऊस. पाटी बदलण्यावर भांडण होतं, आणि रॉलिंग्ज-अचेम्पाँगच्या काळात ज्या गोष्टींवर भांडण व्हायचं ते आठवलं की पाटीवरचं भांडण मला फार बरं वाटतं.

तुमच्या यादीत १९९३ नंतरच्या नावांपुढे तो रकाना असा भरा. रॉलिंग्ज: मुदत संपली. कुफोर: मुदत संपली. मिल्स: पदावर असताना मृत्यू. महामा: निवडणुकीत पराभव. अकुफो-अडो: मुदत संपली. महामांच्या दुसऱ्या वेळेपुढची जागा सध्या कोरी ठेवा. घटनेप्रमाणे त्यांना आता तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही आणि पुढचा शपथविधी ७ जानेवारी २०२९ ला आहे.